‘नस तुटली’ म्हणजे नेमकं काय तुटलं?

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘बायपासनंतर बोटांना मुंग्या आल्या किंवा पाय बधिर झाला तर समजा, ऑपरेशनमध्ये नस तुटली. तीन महिन्यांत बरं नाही वाटलं तर जन्मभराचं दुखणं. हात हलवू नका, बी-१२ची इंजेक्शनं घ्या.’

पहिला घोळ ‘नस’ या शब्दातच आहे. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. बायपाससाठी पायातून काढतात ती रक्तवाहिनी. तिला खेटून एक मज्जातंतू घोट्यापर्यंत उतरतो. तो दुखावला की पायाची आतली बाजू बधिर होते. पण तो फक्त संवेदना वाहतो, त्यामुळे पायातली ताकद जात नाही.

बोटांचं कारण निराळं. छातीचं हाड कापून दोन्ही बाजूंना फाकवून धरतात, तेव्हा मानेतून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा ताणला जातो. म्हणूनच मुंग्या बहुधा करंगळीत आणि अनामिकेत येतात. ताणलेलं आणि तुटलेलं यांत फरक आहे. नुसत्या आवरणाला इजा असेल तर ती काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत भरून येते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा आणि हिशोब करा! तीन महिन्यांनी निकाल लावणं म्हणजे रोप उगवायच्या आत शेत नांगरून टाकणं. थोडा बधिरपणा काहींना कायम राहतो, हेही खरं.

‘हात हलवू नका’ हा सल्ला तर उलटा आहे. हाड जुळेपर्यंत वजन उचलणं, ढकलणं, ओढणं बंद, ते हाडासाठी. बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं आणि खांदा डॉक्टर सांगतील तितका. नाहीतर मुंग्या जातात आणि आखडलेला खांदा मागे उरतो.

बी-१२ कमी असेल तर जरूर घ्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असू शकतं, तेव्हा आधी रक्त तपासा. मात्र ‘नसांच्या गोळ्यां’त बऱ्याचदा बी-६ही असतं, आणि ते जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर मज्जातंतूंनाच इजा करतं.

मेसेजमध्ये जे हवं होतं तेच नाही. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूचा, मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. हृदयाभोवती किंवा फुप्फुसांत पाणी झालं तरी असंच होतं, म्हणून लगेच दाखवा. अन् अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.