प्रसूतीत बाळाला इजा झाल्यावर 'थांबा' सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

'प्रसूतीत बाळाला इजा झाली? कोर्टाच्या नादी लागण्याआधी हे वाचा' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कौटुंबिक ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली फक्त 'एक कायदेतज्ज्ञ' एवढंच. माझ्या मावसबहिणीला तो तिच्या चुलत सासूबाईंनी पाठवला. तिच्या बाळाचा उजवा हात जन्मापासून नीट हलत नाही. बाळाचा खांदा अडकला होता आणि ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या असाव्यात, असं दुसऱ्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय. ती केसपेपर मागायला दवाखान्यात जाणार होती. मेसेज वाचून तिने जाणं रद्द केलं. "इतक्यात काही करता येत नाही म्हणे, थांबायचं असतं," असं तिने मला फोनवर सांगितलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. संमतिपत्रावर सही केली की हक्क संपला. निदान पक्कं होईपर्यंत, म्हणजे बाळ चार-पाच वर्षांचं होईपर्यंत, थांबावं. नाहीतरी मूल 18 वर्षांचं झालं की स्वतः दावा करू शकतं. सरकारी दवाखान्याविरुद्ध काहीच करता येत नाही. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाही, त्यामुळे केस उभीच राहत नाही. अशी मुलं जन्मतःच तशी असतात, त्यात डॉक्टरचा संबंध नसतो. वकिलांचा खर्च सामान्य माणसाला झेपत नाही. आणि शेवटी एक नंबर देऊन लिहिलंय की तरीही लढायचं असेल तर आमच्याकडे 'जिंकलात तरच फी' तत्त्वावर वकील मिळतील.

सगळ्यात घातक मुद्दा 'थांबा' हा आहे, म्हणून आधी तोच घेते.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करायला मुदत आहे दोन वर्षं. तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून ती मोजली जाते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते पटणं न पटणं आयोगाच्या हातात असतं. 'व्हॉट्सअ‍ॅपवर थांबा म्हणून लिहिलं होतं' हे सबळ कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2010 चा एक निकाल या बाबतीत प्रत्येक पालकाला माहीत असायला हवा. एका महिलेची 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटात गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) राहिलं. तिला त्रास होत राहिला, पण त्या सर्जनकडे ती परत गेली नाही. 2002 मध्ये दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ते गॉज सापडलं आणि तिने 2004 मध्ये तक्रार केली. पोटात गॉज राहणं याहून उघड निष्काळजीपणा कुठला? तरीही तक्रार मुदतबाह्य ठरली. न्यायालयाने तत्त्व असं मांडलं की इजेचा परिणाम तेव्हाच उघड असेल तर मुदत तेव्हापासून सुरू होते. परिणाम सुप्त असेल तर तो कळला, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळला असता, त्या दिवसापासून. नऊ वर्षं त्रास सोसत गप्प बसणं तिच्या विरोधात गेलं.

आता हेच बाळाला लावून बघा. ज्याचा हात पहिल्या दिवसापासून लुळा आहे, त्याची इजा सुप्त आहे असं कोण मानेल? जन्मल्यावर रडलंच नाही, झटके आले, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं, असं बाळ पाच वर्षांचं झाल्यावर आईवडील 'आम्हाला आत्ता कळलं' म्हणायला गेले, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला डिस्चार्ज कार्ड पुढे करेल.

मुदतीइतकाच कागदांचा प्रश्न मोठा आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तीनच. चार-पाच वर्षं थांबून गेलात तर 'रेकॉर्ड नष्ट केलं' हे उत्तर मिळेल, आणि ते नियमाला धरून असेल. पण त्याच विनियमांत असंही आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की 72 तासांत कागदपत्रं द्यायची. हा हक्क वापरायचा तो आज.

आणि 'फाइल द्या' असं मोघम मागू नका, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. अर्जात एकेक गोष्ट नावानिशी लिहा. संपूर्ण इनडोअर केसपेपर. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती आणि बाळाचे ठोके ज्यावर दर अर्ध्या तासाने नोंदवायचे असतात तो तक्ता. बाळाच्या ठोक्यांची सीटीजी किंवा एनएसटीची पट्टी. कळा वाढवायचं ड्रिप कधी लावलं, किती थेंबांनी चालू होतं, याच्या नोंदी. नर्सेसच्या नोंदी, कारण डॉक्टर किती वाजता आले हे अनेकदा तिथेच सापडतं. संमतिपत्रं. बाळाचा अपगार स्कोअर (जन्मल्याबरोबर बाळाची तब्येत तपासून दिलेले गुण), एनआयसीयूचे कागद, एमआरआयची फिल्म किंवा सीडी. खांदा अडकला असेल तर डोकं बाहेर आल्याची वेळ, पूर्ण बाळ बाहेर आल्याची वेळ आणि मधल्या काळात कोणते उपाय केले त्याची नोंद. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. ती सीटीजीची पट्टी तर थर्मल कागदावर असते, काही काळाने त्यावरची अक्षरंही उडतात. हातात आली की लगेच स्कॅन करा. प्रसूतीच्या त्या चार-सहा तासांत बाळाचे ठोके कधी पडायला लागले आणि कुणी त्याकडे बघितलं का, हे सांगणारा बहुतेक वेळा तेवढा एकच कागद असतो. 'बाळ मोठं होऊ दे' म्हणणारा मेसेज हाच कागद हातातून घालवतो.

नस दुखावलेल्या बाळासाठी थांबणं उपचाराच्या दृष्टीनेही वाईट आहे. अशी बरीच बाळं पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतात, हे खरं. पण तीन महिन्यांचं होऊनही बाळ कोपर वाकवत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवायलाच हवं. नस जोडायच्या शस्त्रक्रियेची वेळ बाळाच्या पहिल्या वर्षातली असते, पाच वर्षांनी ती संधी राहत नाही.

मूल 18 वर्षांचं झाल्यावर दावा करू शकतं, या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. मुदत कायद्याच्या कलम 6 आणि 8 मुळे दिवाणी न्यायालयात अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाला सज्ञान झाल्यावरही सवलत मिळते. पण ही सवलत मुलाच्या दाव्यापुरती आहे. आईवडिलांनी केलेला खर्च, त्यांनी सोसलेलं दुःख, यासाठीची त्यांची स्वतःची मुदत त्याने थांबत नाही, आणि ग्राहक आयोगात या सवलतीच्या भरवशावर बसणं धोक्याचं आहे. शिवाय 18 वर्षांनी पुरावा कुठून आणणार? तोवर फिजिओथेरपी, स्पेशल शाळा, कॅलिपर यांचा खर्च कोण करणार?

सहीचं बघू. ऑपरेशनच्या आधी घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर 'होणाऱ्या कोणत्याही परिणामास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही' असं छापलेलं असतं, आणि त्या एका ओळीने लोक घाबरतात. सही म्हणजे उपचाराला आणि त्याच्या नेहमीच्या, समजावून सांगितलेल्या धोक्यांना संमती. हलगर्जीपणाला संमती कुणी देत नसतं आणि कायदा तसं मानतही नाही. उलट 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती घेण्याआधी उपचार, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती द्यावी लागते. कळा सोसणाऱ्या बाईच्या हातात पेन देऊन 'इथे सही करा' म्हटलं असेल, तर तो कागद रुग्णालयाचा बचाव करण्याऐवजी त्यांनाच प्रश्न विचारायला लावू शकतो.

सरकारी दवाखान्याबद्दल मेसेजमध्ये थोडंसं तथ्य आहे. 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जिथे सगळ्यांनाच सगळी सेवा पूर्णपणे मोफत मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. पण काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर तिथल्या मोफत रुग्णालाही कायदा लागू होतो. आणि ग्राहक आयोगाचं दार बंद असलं तरी दिवाणी न्यायालयाचं उघडं असतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर केलेल्या नसबंदीच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राज्य सरकारलाच जबाबदार धरलं.

चेन्नईच्या एग्मोरमधल्या सरकारी रुग्णालयाचं प्रकरण तर थेट नवजात बाळाचं आहे. 1996 मध्ये तिथे 29 व्या आठवड्यात एक मुलगी जन्मली, वजन 1250 ग्रॅम. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा काही आठवड्यांत तपासावा लागतो. कुणी तपासला नाही, आईवडिलांना सांगितलंही नाही. मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 5 लाख रुपये दिले होते. 1 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महागाईचा आणि पुढच्या आयुष्याचा हिशोब करून 1 कोटी 38 लाख दिले, शिवाय आधी झालेल्या खर्चापोटी 42 लाखांहून जास्त. रुग्णालय सरकारी होतं आणि लढा ग्राहक आयोगातूनच वर गेला होता. तोवर मुलगी 18 वर्षांची झाली होती, हेही सांगायला हवं. न्यायाला लागणारा वेळ भयंकर आहे. पण म्हणूनच सुरुवात उशिरा करणं परवडत नाही.

डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाही, ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. तज्ज्ञाचं मत मिळवताना लोकांचे जोडे झिजतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय की ग्राहक तक्रारीत प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, चूक उघड असेल तर कागदच बोलतात. पुन्हा कागदच. तज्ज्ञ गावातलाच हवा असंही नाही, दुसऱ्या शहरातल्या प्रसूतितज्ज्ञाला किंवा नवजात शिशुतज्ज्ञाला फाइल दाखवता येते. फौजदारी गुन्ह्याची गोष्ट वेगळी. तिथे 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. भरपाईसाठी एफआयआरची गरज नसते. रागाच्या भरात पोलीस ठाण्यात खेटे घालण्यात दोन वर्षांतले महिने जातात, तेवढे घालवू नका.

'अशी मुलं जन्मतःच तशी असतात.' हे वाक्य आईला उद्देशून लिहिताना हात कसा धजला, मला कळत नाही. वैद्यकशास्त्र सांगतं की सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेल्या) बहुतेक मुलांमध्ये कारण प्रसूतीच्या आधीचं असतं. गर्भातला संसर्ग, अपुरे दिवस, मेंदूच्या घडणीतला दोष. प्रसूतीत गुदमरल्यामुळे झालेल्यांचं प्रमाण कमी आहे. खांदा अडकणंही पुष्कळदा आधी ओळखता येत नाही आणि सगळं बरोबर करूनही नस ताणली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक इजा ही डॉक्टरांची चूक नसते, आणि ज्या डॉक्टरांनी जिवाचं रान केलं त्यांना कोर्टात ओढणं अन्यायाचं आहे. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळी' नव्हे. आपलं बाळ कुठल्या गटातलं, हे ठोक्यांच्या नोंदी, अपगार आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतला एमआरआय बघूनच कळतं. कागद बघितल्यावर चूक नव्हती असं निघालं, तर ते कळणंसुद्धा त्या आईचा हक्क आहे. वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसण्यापेक्षा ते बरं.

खर्चाचा मुद्दा सरळसरळ खोटा आहे. ग्राहक आयोगात फी ठरते तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. दवाखान्याचं बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगातच करता येते. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. या प्रकरणांत वकील असलेला बरा, पण तोही मोफत मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. इथे तर अर्जदार आई आहे आणि बाळ आहे, दोघंही बसतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे.

राहिला तो शेवटचा 'जिंकलात तरच फी' वाला नंबर. ही पद्धत अमेरिकेतली. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि अशी जाहिरात करून पक्षकार गोळा करायलाही. त्या नंबरवर फोन केलाच असेल, तर वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक विचारा, आणि मनाई असलेला हा टक्केवारीचा करार लेखी देणार का, तेही विचारा. मूळ कागद मात्र काहीही झालं तरी देऊ नका, फक्त झेरॉक्स.