"सर, मॅच बघायला नेताय की शिव्या ऐकायला?"

परवा रात्री आमच्या बॅचच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईनं हा प्रश्न टाकला. खाली पटापट अंगठे पडले. मी उत्तर लिहायला घेतलं, चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. ग्रुपवर लांबलचक काही लिहिलं की लोक "ओके सर" म्हणून मोकळे होतात, म्हणून इथं लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

मी कोल्हापुरात दहा ते तेरा वयाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. हंगाम सुरू झाला की महिन्यातनं दोनदा त्यांना शाहू स्टेडियमवर घेऊन जातो. चौदा-पंधरा पोरं असतात, त्यात दोन मुली. लीगची मॅच असो नाहीतर एखाद्या चषकाची, मिळेल ती बघतो.

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, अशी नावं. मूळ मामला कुस्तीचा आणि पेठेचा, पण त्याच नावानं पोरं बूट घालून मैदानात उतरायला लागली त्यालाही कैक पिढ्या झाल्या. वर्ल्ड कप आला की चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे कटआऊट लागतात, त्याचे फोटो तुम्ही बघितले असतील. ते आमचं हौसेचं फुटबॉल. ईर्षा बघायची तर दोन पेठांची मॅच बघायला या. दुपारी दोनलाच माणसं मोटरसायकली लावायला जागा शोधत असतात.

आणि हो, शिव्या असतात. खोटं कशाला बोलू? रेफ्रीला असतात, लाईनमनला असतात, पेनल्टी चुकवलेल्या आपल्याच पोरालाही असतात. काही इतक्या कल्पक असतात की मराठीच्या प्राध्यापकानं वही काढावी. कधी पाण्याची बाटली उडते, कधी दगड. हुल्लडबाजीमुळं मॅच थांबलेली मी बघितलीय, मॅच संपल्यावर रस्त्यावर दोन गट भिडलेलेही बघितलेत. कुठल्या तालमीचे ते सांगणार नाही. सांगितलं की कमेंटमध्ये पेठा भिडतील, आणि या पोस्टचा खेळखंडोबा होईल.

मग नेतो कशाला?

आमची पोरं टीव्हीवर, मोबाईलवर ढीगभर फुटबॉल बघतात. मेस्सीचे गोल तारखेसकट पाठ. पण कॅमेरा कायम बॉलच्या मागं पळत असतो. बॉल डाव्या कोपऱ्यात असताना उजवा बॅक, म्हणजे उजवी बाजू राखणारा बचावपटू, किती आत सरकलाय, ते टीव्हीवर दिसत नाही. आपल्या फॉरवर्डकडं बॉल असताना गोलकीपर गोलात उभा नसतो, पार पेनल्टी बॉक्सच्या टोकाशी येऊन मागच्या फळीला ओरडून जागा सांगत असतो, तेही दिसत नाही. नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एकेका खेळाडूच्या पायात बॉल असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ तो काय करतो, यात सगळं फुटबॉल आहे. ते शिकवायला मी फळ्यावर बाण काढून काढून थकलो. स्टेडियमच्या पायरीवर एका दुपारीत पोरांना ते कळलं.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक पोराला एक खेळाडू वाटून द्यायचा. पहिल्या हाफमध्ये त्यानं बॉल बघायचाच नाही, फक्त तो खेळाडू बघायचा. सुरुवातीला पोरं रडकुंडीला येतात, कारण गोल झाला तरी तिकडं बघायचं नाही. मग हाफ टाईमला चहाच्या कपाएवढ्या कागदी कपात शेंगदाणे घेऊन बसतो आणि एकेकाला विचारतो. मागच्या हंगामात आमच्या एका बारक्यानं सांगितलं, "सर, माझा स्टॉपर बॅक सारखा मागं मान वळवून बघतोय. त्याला भ्या वाटतंय काय?" म्हटलं, भ्या न्हाई रे बाबा, त्याच्या पाठीमागं कोण उभा आहे ते तो दर दोन सेकंदाला बघतोय. पुढच्या मंगळवारी सरावाला हे पोरगं दर दोन सेकंदाला मान वळवत होतं. इतकं, की समोरून आलेला बॉल पोटावर बसला. पण सवय लागली ती लागली.

दुसरी गोष्ट आवाजाची. आमच्या सरावाच्या मैदानावर पोरं एकमेकांना हाका मारतात, त्या छान ऐकू येतात. भरलेल्या स्टेडियममध्ये दहा फुटांवरच्या खेळाडूची हाक ऐकू येत नाही. तिथं हातानं, डोळ्यानं बोलावं लागतं. यातली दोन-चार पोरं सतरा-अठराव्या वर्षी याच मैदानात, याच गर्दीसमोर उतरणार आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा तो गदारोळ कानावर पडला तर पाय लाकडाचे होतात. माझे झाले होते. पहिल्या सीनियर मॅचला पहिली वीस मिनिटं मी काय खेळलो मला आजही आठवत नाही, फक्त पाठीमागून कुणीतरी माझं आडनाव घेऊन ओरडत होतं ते आठवतं. गल्लीतलाच माणूस होता. सकाळी दूध आणताना "ऑल द बेस्ट" म्हणाला होता.

आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या संघात होता. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिका, कोलंबिया, घाना अशा तीन मॅच झाल्या, तिन्ही आपण हरलो. तरी आमच्या पोरांना त्याचं नाव पाठ आहे. आपल्या गावातनं तिथपर्यंत वाट जाते एवढंच त्यांना पुरतं. ही वाट कागदी कपातले शेंगदाणे खात पायरीवर बसूनच कळायला लागते, असं माझं मत.

आता त्या आईच्या प्रश्नाकडं येतो, कारण त्यामागं एक घटना आहे आणि ती ग्रुपवर अर्धीच फिरलीय.

दोन आठवड्यांपूर्वी आमची तेरा वर्षांखालच्या पोरांची मैत्रीपूर्ण मॅच होती. रेफ्री म्हणजे कॉलेजचा एक पोरगा, नुकताच शिट्टी वाजवायला शिकलेला. त्यानं आमच्या विरुद्ध एक हँडबॉल दिला आणि आमच्या मधल्या फळीतल्या पोरानं त्याला स्पष्ट, खणखणीत शिवी दिली. आईवरची. कुंपणाबाहेर त्या पोराची स्वतःची आई उभी होती.

नियमाप्रमाणं याला थेट लाल कार्ड आहे. अपमानास्पद किंवा शिवराळ भाषेला वयाची सूट नाही. रेफ्रीचा चेहरा पडला, कार्ड खिशातच राहिलं. मीच पोराला बाहेर काढलं आणि मॅच संपल्यावर सगळ्यांना गोल बसवलं. मला भाषण ठोकायचं होतं. सुरुवात केली, "ही भाषा कुठनं शिकलास? स्टेडियमवरच्या लोकांकडनं?" पोरगं खाली बघत गप्प. तेवढ्यात आमच्या दोन मुलींपैकी एक म्हणाली, "सर, तुम्हीच म्हटलासा की. टायब्रेकरला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ती खरं बोलत होती. त्याआधीच्या रविवारी चषकाच्या मॅचचा टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या पेनल्टी किका, चालू होता, कीपर किक बसायच्या आधी लाईन सोडून पुढं आला होता, निदान मला तसं दिसलं, आणि लाईनमननं झेंडा वर केला नाही. मी उभा राहिलो आणि जे तोंडातनं निघालं ते निघालं. मला वाटलं होतं, एवढ्या दंग्यात कोण ऐकतंय? चौदा पोरं ऐकत होती. आजूबाजूला शेकडो माणसं हेच शब्द ओरडत होती, ते त्यांच्या डोक्यात राहिले नाहीत. माझा एक राहिला.

या गोष्टीचा मी पंधरा दिवस विचार करतोय. आपण समजतो पोरं गर्दीकडनं शिकतात. मला वाटतं पोरं गर्दीकडं बघतात आणि मग लगेच मान वळवून ज्याच्याबरोबर आलीत त्याच्या तोंडाकडं बघतात. त्या स्टॉपर बॅकसारखीच. हा हसतोय का? हा रागावलाय का? हा पण ओरडतोय का? त्यावरनं ठरवतात की हे चालतं की नाही. पूर्वी तालमीत शिव्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही, पण तालमीत वस्ताद असायचा. तो खाकरला तरी माती गप्प व्हायची. स्टँडमध्ये तालमीचं नाव आहे, झेंडा आहे, ढोल आहे, वस्ताद नाही. आणि त्या दिवशी आमच्या चौदा पोरांचा वस्ताद पायरीवर उभा राहून लाईनमनची आई काढत होता.

मी पोरांची माफी मागितली. त्या रेफ्रीलाही फोन केला. तो म्हणाला, "सर, सवय आहे हो." एकोणीस वर्षांच्या पोराला सवय आहे.

काही पालकांचं म्हणणं आहे की मोठी होईपर्यंत नेऊच नका. मला ते पटत नाही. शिव्या पोरांना एसटी स्टँडवर, शाळेच्या मागं, मोबाईलवरच्या गेममध्ये ऐकू येतातच, आणि तिथं बरोबर कुणी नसतं. आमच्यातली एक-दोन पोरं मी नेलं नाही तर काका-दादांबरोबर मोटरसायकलवर ट्रिपल सीट बसून जाणारच आहेत, आणि जातील ती नेमकी ढोलाच्या शेजारी. मग निदान माझ्याबरोबर यावीत.

पण शिव्या वेगळ्या आणि जिवाचा धोका वेगळा, यात मी तडजोड करत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचच्या दंगलीत १६ जण गेले. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियमवर १३५ माणसं मेली, त्यात बरीच लहान मुलं होती. तिथं समोरच्या संघाच्या समर्थकांना आतच घेतलं नव्हतं, म्हणजे दोन गटांची मारामारी नव्हतीच. घरचा संघ हरला, लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि सगळे एकदम दरवाज्यांकडं पळाले. माणसं मेली ती दरवाज्यात, चेंगरून. ही बातमी वाचल्यापासून स्टेडियमवर गेल्यावर मी पोरांना पहिल्यांदा खेळाडू दाखवत नाही, गेट दाखवतो. आपण इथनं आलो, पण ते बंद झालं तर तिकडनं जायचं. पळायचं नाही, समोरच्याचा शर्ट धरायचा. फायनलला आणि ठरावीक दोन-तीन जोड्यांच्या मॅचला नेतच नाही. लीगच्या मॅचला शेवटची दहा मिनिटं राहिली की उठतो. यामुळं पोरांचे किती गोल हुकलेत त्याचा हिशोब त्यांनी ठेवलाय आणि मला अधूनमधून ऐकवतात. पहिली बाटली उडाली की स्कोअर काहीही असो, घरी.

आणखी एका बाबतीत मी गप्प बसत नाही. खेळाडूच्या रंगावरनं काहीबाही ओरडणं. आमच्याकडच्या संघांतनं आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेलेत, त्यांना पायरीवरनं जे ऐकावं लागलं ते मी ऐकलंय. बाकीच्या शिव्यांना पोरांना सांगतो, कानाआड करा. याला तसं सांगत नाही. तिथल्या तिथं सांगतो की हे चूक आहे, मोठ्यानं सांगतो, पुढच्या पायरीवरच्याला ऐकू जाईल इतपत. एकदा एकानं वळून बघितलं. काय बोलला नाही.

तुर्कस्तानातली एक गोष्ट मला फार आवडते. २०११ साली फेनरबाचे क्लबला समर्थकांच्या दंग्यामुळं रिकाम्या स्टेडियमवर खेळायची शिक्षा झाली. मग तिथल्या फेडरेशननं शिक्षा बदलली. पुरुष नकोत, फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं, तेही फुकट. सप्टेंबरातल्या त्या मॅचला ४१ हजारांवर बायका-पोरं आली. मॅच सुटली १-१ अशी. पाहुणा संघ मैदानात आला तेव्हा त्याला हुर्यो नाही, टाळ्या मिळाल्या. आमच्याकडं असं काही होईल का? एखाद्या चषकाची एखादी मॅच? आयोजकांनी मनावर घेतलं तर अवघड नाही. पुरुष मंडळी बाहेर चहाच्या गाड्यावर उभी राहून आतला आवाज ऐकतायत, हे चित्रच मला जाम आवडलंय. पण मॅचला बायका-मुली आजही मोजक्याच दिसतात, आणि आमच्या दोघींना मी रांगेच्या मधोमध बसवतो, कडेला नाही, हेही खरं आहे.

तर येत्या रविवारी जातोय. तीन वाजता रावणेश्वराच्या देवळापाशी जमायचं. पाणी घरनं पिऊन या, बाटली आत आणायची नाही. टोपी आणा, पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यात येतं. ज्यांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नका, त्या पोराची संघातली जागा जाणार नाही, हे लिहून देतो. आणि माझ्या तोंडातनं काही निघालं तर पोरांनी ठरवलेला दंड आहे, मैदानाला पाच चकरा. चौदा जणांनी एकमतानं ठरवलाय. इतकं एकमत त्यांच्यात पास द्यायच्या बाबतीत कधी झालं नाही.

ज्या ताईंनी ग्रुपवर प्रश्न विचारला होता, त्यांचा काल रात्री वेगळा मेसेज आला. म्हणाल्या, "मी पण येतोय. मुलाशेजारी नाही बसणार, त्याला लाज वाटते." आणि खाली दुसरा मेसेज, "मला कुठला खेळाडू बघायला देताय?"

त्यांना डावा बॅक दिलाय.