तीस पीएसआयचा रविवार

पुण्यात डोंगरावर सायकल चालवायची तर डोंगर शोधत हिंडावं लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, वेताळ टेकडीचा माथा ८०० च्या आसपास. म्हणजे चढ सगळा मिळून अडीचशे मीटरच्या आत. पंचवटीकडून वर जा नाहीतर गोखलेनगरकडून, घरचे हिशोब करतात की माणूस नाश्त्याला परत येईल. हिशोब चुकीचा नाही. त्यात फक्त बाभूळ धरलेली नसते.

बाभळीचे काटे जोडीने येतात. सरळ, पांढुरके, आणि चांगले बोटभर लांब. फांदी वाळून पायवाटेवर पडली की मुरुमाच्या रंगात अशी मिसळते की दिसते ती टायरला चिकटून वर आल्यावरच. हिवराचंही तेच. पण माझ्या मते या सगळ्यांत नीच तो सराटा. जमिनीलगत पसरतो, नाजूक पिवळी फुलं दाखवतो, आणि त्याच्या फळाचे तुकडे कसेही पडले तरी एक टोक आभाळाकडे राहतं. ही योजना जनावरांच्या खुरांसाठी असावी. मधे आपलं रबर आलं, त्याला तो तरी काय करणार?

आता हवा. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा ६० किंवा ६५ पीएसआय असा आकडा छापलेला असतो. ती कमाल मर्यादा आहे, पण बरेच जण ती आज्ञा समजतात आणि टायर दगडासारखं करून टेकडीवर येतात. मग सायकल प्रत्येक खडकावरून उसळते आणि मनगटं दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलायला नकार देतात. सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, आणि वर सत्तर किलोचा माणूस असेल तर पुढे २८, मागे ३२ हा ठीक दाब. पेट्रोल पंपावर ‘तीस’ म्हटलं की हवा भरणारा मुलगा कीव आल्यासारखा बघतो आणि आपल्या मनाने चाळीस करून देतो. ती टेकडीच्या पायथ्याशी सोडायची. फार सोडायचीही सोय नाही, कारण २० च्या खाली गेलात की दगडावर आपटताना ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. याला स्नेकबाइट म्हणतात. थोडक्यात, हवा जास्त असेल तर आपण आपटतो, कमी असेल तर ट्यूब फाटते, आणि बरोबर असेल तर काटा आहेच.

पंक्चर झालं की पहिलं काम म्हणजे सायकल डाव्या कुशीवर आडवी करणे. उजव्या बाजूला चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर लटकत असतो, त्याच्यावर सायकल निजवली की दिवसभराचा दुसरा कार्यक्रम ठरला. मागचं चाक काढायचं तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची. मग प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या घालून टायरची एक कड रिमबाहेर काढायची. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. काम पटकन होतं, पण तो टायर काढता काढता ट्यूबला एक भोक स्वतःकडून भेट देतो. ट्यूब बाहेर आली की थोडी फुगवून ओठांजवळून फिरवायची. हात राठ असतात, ओठांना गळती लगेच कळते. हे करताना टेकडीवर फिरायला आलेल्या माणसांकडे बघू नये.

भोक सापडलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि नवखा माणूस इथेच फसतो. काटा अजून टायरमध्येच असतो. टायरच्या आतून चिंधी फिरवायची, जिथे अडकेल तिथे काटा. ओठांनी गळती शोधणारा माणूस काटा बोटांनी शोधायला जातो आणि मग पहिलं पॅच स्वतःलाच लावावं लागतं. पुढे ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि पाच मिनिटं काहीही करायचं नाही. या पाच मिनिटांत खरी परीक्षा आहे. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबलेलं तासाभरात उचकटतं. लकाकी गेली, बोटाला हलकी चिकट लागली, की मग दाबायचं. शेवटी हातपंप. २९ इंची चाकाला दोनशेच्या पुढे झटके लागतात. मोजणारा माणूस शंभरीतच खचतो, म्हणून मोजू नये.

शहाणा माणूस हे सगळं टाळायला जास्तीची ट्यूब नेतो. फक्त तिचा हवा भरायचा वॉल घरीच बघावा. मोटारसायकलसारखा जाड वॉल असेल तर त्याला रिमला ८ मिलिमीटरचं भोक लागतं. बारीक, टोकाला पेच असलेल्या प्रेस्टाला ६ चं पुरतं. रिम प्रेस्टाची आणि ट्यूब जाड वॉलची निघाली तर ती ट्यूब गळ्यात घालून पायी उतरण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. प्रेस्टाला पंपावरची हवा भरता यावी म्हणून पितळेचं इवलंसं ॲडॅप्टर मिळतं. ते न विसरता घ्यावं, आणि न विसरता हरवतं म्हणून दोन घ्यावीत.

ट्यूबलेसवाले हे ऐकून गालात हसतात. त्यांच्या टायरमध्ये शंभर मिलिलिटरच्या आसपास पांढरा चीक असतो. काटा घुसला की चीक भोकात जाऊन थिजतो, माणसाला पत्ताही लागत नाही. मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात तो दोन-तीन महिन्यांत वाळतो, आत रबराच्या गोळ्या होतात, आणि मग एखादा मोठा काटा सगळा खेळ खलास करतो. अशा वेळी आत ट्यूब घालणे हा एकच उपाय. ती घालण्यापूर्वी मात्र गेल्या मोसमापासून टायरमध्ये सुखाने नांदणारे सगळे काटे एकेक करून उपटावे लागतात. आतापर्यंत किती पंक्चर झाली नाहीत, हे तेव्हा नेमकं कळतं.

चढाची गोष्ट थोडक्यात आटोपते, चढ आटोपत नाही. हल्ली पुढे एकच चक्री, ३२ दातांची, आणि मागे बारा, त्यातली मोठी ५१ दातांची. या जोडीवर पेडलचा एक फेरा मारला की २९ ची सायकल साधारण १.४ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सकाळी चालायला आलेल्या काकांचा. त्यामुळे काका शेजारून चालत चालत चौकशी करू शकतात.

‘गिअर किती?’

‘बारा.’

‘बाराच? आमच्या नातवाच्या सायकलीला एकवीस आहेत!’

त्या एकविसांतले निम्मेअधिक एकमेकांची नक्कल असतात, हे समजावण्याइतका श्वास त्या क्षणी कोणाकडेच नसतो. उभं राहून पेडल मारावं तर मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते सैल मुरुमावर जागच्या जागी फिरतं. सीटच्या टोकावर सरकून, कोपर वाकवून, बसूनच रेटायचं. एवढ्यात काका पुढचं विचारतात, ‘केवढ्याला घेतली?’ खरी किंमत सांगू नये. टेकडीवरचे काका आणि आपल्या घरचे यांच्यात जास्तीत जास्त दोन माणसांचं अंतर असतं.

उतारावर मुख्य अडचण संस्कारांची आहे. लहानपणी प्रत्येकाला पढवलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील. प्रत्यक्षात सायकल थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकने चाक घसरत जातं आणि वाटेवर चर पाडतं. सीट खाली करायची, दोन्ही पेडल आडव्या रेषेत ठेवायची, बूड मागे न्यायचं, टाच खाली, आणि दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट. नवी सायकल घेतली तर आधी सपाटीवर दाबून बघा. आपल्याला पुढचा ब्रेक उजव्या हाताला लागतो, पण काही सायकली तो डाव्या हाताला लावून येतात. हे उतारावर कळू नये. आणि नजर वाटेवर हवी. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल, हा नियम आजवर कोणी मोडलेला नाही. समोरून माणसं आली तर थांबायचं आपणच. टेकडी त्यांची आधीपासून आहे, आणि त्यांच्या हातात काठी असते.

सायकल गाडीत घालून न्यायची असेल तर पुढचं चाक काढावं लागतं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या दोन पॅडमधल्या फटीत लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा दुमडून खोचावा. नाहीतर मागच्या सीटवरचं पोर ब्रेक दाबून बघतंच, पॅड एकमेकांना चिकटतात, आणि पायथ्याशी पोचल्यावर चाक आत जात नाही. डिरेलरची बाजू इथेही वरच ठेवायची. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे वाकायचं ते त्यानेच, फ्रेमने नव्हे. मात्र प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा, हँगर वेगळा. दुकानात मिळतो तो नेहमी दुसऱ्याच्या सायकलचा.

पावसाळ्यात खडकावर शेवाळ धरतं आणि काळी माती टायर व फ्रेममधली फट लिंपून टाकते. चाक फिरायचं थांबतं आणि चौदा किलोची सायकल अठराची होऊन खांद्यावर येते. ओल्या वाटेवर चाकांचे चर पडले की पाणी त्यातूनच धावतं आणि वाट वाहून जाते. तेव्हा जोराच्या पावसानंतर दोन दिवस टेकडी सोडून द्यावी, हे माझं ठाम मत. ऑक्टोबरात वाट कोरडी होते, पण मोज्यांत कुसळं भरतात. ती वॉशिंग मशीनमधून घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात आणि छंद कुटुंबाचा होतो.

घरी आल्यावर सायकल धुवायची ती मगने. पार्किंगमधला गाड्या धुवायचा जोरदार फवारा बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतो. चेनला तेल प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि बाहेरचं पुसून काढायचं. स्प्रे मारला तर तो डिस्कवर उडतो आणि पुढच्या रविवारी ब्रेक आख्ख्या कोथरूडला ऐकू जाईल असा किंचाळतो. एवढं झालं की दोन्ही टायर कडक आहेत, सायकल चकचकीत आहे, माणूस निवांत. पण सराट्याची गळती चार दिवसांची असते. म्हणून टायर गुरुवारी रात्री दाबून बघावं. शुक्रवारी दुकानं उघडी असतात, आणि वॉल जाड की बारीक हे सांगायला सायकल सोबत न्यावी, दुकानदार तुमच्या हातवाऱ्यांवर विश्वास ठेवत नाही.