पुठ्ठ्याचं कॉकपिट, अण्णा आणि पाण्याची बाटली

गेली चार वर्षं मी गॅरेजमध्ये विमान बांधतोय. दोन सीटचं, किटचं. पंख झाले, शेपूट झाली, हजारो रिव्हेट मारून झाले, तेवढ्यात शेजाऱ्यांनी बोलणं सोडून परत सुरूपण केलं. आणि अडकलो कुठे, तर पेट्रोलचा कॉक कुठे बसवायचा यावर.

आम्ही राहतो ओहायोतल्या डेटनला, राइट बंधूंच्या गावात, त्यामुळे गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्याला इथे कोणी वेडा म्हणत नाही (तोंडावर तरी नाही). एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचा नियम सोपा आहे, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं पाहिजे, मग आतमध्ये कुठलं बटण कुठे हे बरंचसं तुमचं तुम्ही ठरवा. लोक म्हणतात वा, काय स्वातंत्र्य! अहो, किचनच्या ओट्याची उंची ठरवताना घरात काय काय होतं आठवा, इथे तर तो ओटा उडणार आहे.

म्हणून आधी फ्रीजच्या खोक्याचं कॉकपिट बनवलं. स्टिक म्हणून मॉपचा दांडा. खुर्चीत बसून दांडा मागे ओढला, की विमानाचं नाक वर जायला पाहिजे, पण इथे नाक वर जायच्या आधी पोटच आडवं आलं. दांडा कापावा तर हाताला जोर जास्त लागतो, पोट कापावं तर ते बायकोला चार वर्षं जमलं नाही. शेवटी दीड इंच दांडा कापला. राइट बंधूंचं बरं होतं, 1903 साली पालथं झोपून कंबर डावी-उजवी सरकवली की पंख पिळले जायचे आणि विमान त्या बाजूला कलायचं. त्यांना पोट नव्हतं हे फोटोत दिसतंच.

मग स्विच. पंप, लाइट, स्टार्टर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली घ्यायच्या पट्ट्या), सगळे एकसारखे चकचकीत टॉगल एका ओळीत लावले. बायको म्हणाली मस्त दिसतंय, तिथेच मला शंका यायला हवी होती. कारण आमच्याच गावच्या राइट फील्डवर 1943 मध्ये अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच प्रकरण निस्तरलं होतं. बी-17 बॉम्बरचे पायलट लँडिंगनंतर फ्लॅप वर घ्यायला जायचे आणि चाकंच वर घ्यायचे, एवढं मोठं धूड पोटावर बसायचं. चूक पायलटची, असं सगळे म्हणत होते. चापानिसने बघितलं तर दोन्ही स्विच शेजारीशेजारी आणि जुळे भाऊ! त्याने एकाला छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा, हात लावताच कळावं म्हणून. माझ्या फ्लॅपच्या स्विचला आता जुन्या स्लिपरचं रबर आहे.

एवढ्यात सांगलीहून अण्णा आले. तीस वर्षं एसटी चालवलेली. खोक्यात बसले आणि काळा नॉब बघितला, ढकलला की जोर वाढतो, बरं. लाल नॉब ओढला की इंजिन बंद हे सांगावंच लागलं नाही, जुन्या गाडीला इंजिन बंद करायला असाच नॉब ओढायचा असायचा म्हणे.

"हॉर्न कुठाय?"

म्हटलं अण्णा, आहे, पण तो आपण वाजवायचा नाही, विमान स्टॉल व्हायला आलं, म्हणजे पंखांची उचल सुटायला आली, की आपोआप आपल्यालाच ऐकू येतो.

"म्हंजे गाडीच ड्रायव्हरला हॉर्न मारती?" अण्णा पाच मिनिटं हसत होते.

तर कॉक. चेतक स्कूटरला सीटखाली असायचा ना, तसाच हा, डावी टाकी, उजवी टाकी, बंद. मी बसवला होता सीटच्या मागे डाव्या खांद्याकडे, कारण पाइप कमी लागतात. मग एका रात्री गायक जॉन डेन्व्हरच्या विमान अपघाताचा रिपोर्ट वाचला. ऑक्टोबर 1997, कॅलिफोर्निया. हौशी माणसाने बांधलेलं लाँग-ईझी नावाचं छोटं विमान त्याने विकत घेतलेलं, त्यात कॉक मूळ प्लॅनप्रमाणे पुढे न लावता डाव्या खांद्यामागे. हात नीट पोचायचा नाही. तो फिरवायला अंग वळवलं की पाय रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू वळवणाऱ्या पेडलवर दाबला जायचा. विमान समुद्रात गेलं. त्या रात्री मी झोपलो नाही, सकाळी उठून कॉक काढला.

पण मग लावायचा कुठे? दोन सीटच्या मधली, पुढची, हाताखालची एकुलती एक जागा बायकोने पाण्याच्या बाटलीसाठी आधीच मंजूर करून घेतलेली.

अण्णा म्हणाले, "डोळं बांध माझं. रात्री घाटात गिअर कुणी बघून टाकतं का?"

पंचा बांधला. बायको ओरडली, "अण्णा, इंजिन फडफडतंय, कॉक!" हात सरळ बाटलीवर. परत ओरडली, परत बाटलीवर. तिसऱ्यांदा तर अण्णांनी एका झटक्यात झाकण फिरवलं आणि लिटरभर पाणी माझ्या पुठ्ठ्याच्या पॅनेलवर, ऑल्टिमीटरपासून फ्लॅपपर्यंत सगळं भिजून खाली लोंबायला लागलं.

कॉक आता तिथेच बसणार. बाटलीचा होल्डर गेला डाव्या खांद्यामागे.

"आणि तहान लागली की मी उडता उडता मागे वळायचं का?" बायको.

म्हटलं, उतरल्यावर पी.