गायतोंडे, रॉथको आणि 'नक्कल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गायतोंड्यांवरच्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चित्रकार वासुदेव गायतोंडे 1964 साली न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोची अमूर्त चित्रं पाहिली आणि पुढे जन्मभर तेच रंगवत राहिले. त्यात लिलावात कोटींच्या बोली लागल्या, चित्रकार मराठी निघाला, म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं. आणि दार लावून बसणाऱ्या माणसाचा प्रभाव कुणावर पडणार?

पैशांचं आधी उरकतो. मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं ते 2013 मध्ये. गायतोंडे गेले 2001 साली. हयातीत ते दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले आणि वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचे. बोलीच्या आकड्याने ती चित्रं चांगली ठरत नाहीत हे तुमचं खरं, पण त्याच आकड्यामुळे ती संशयास्पदही ठरू नयेत.

आता रॉथको. हा मुद्दा मला फार जवळचा आहे, कारण 'नक्कल' हा आरोप एकदा चिकटला की चित्राकडे बघणंच थांबतं. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून 1948 साली डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेले गायतोंडे सुरुवातीला माणसंच काढत होते. सपाट रंग, ठसठशीत रेषा, भारतीय लघुचित्रांचा उघड अभ्यास. मग पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव आला. आकृत्या मोडू लागल्या, रेषा मोकळी सुटली, आणि 1950 चं दशक संपता संपता रेषाही मागे पडून रंगाचा पृष्ठभागच चित्र झाला. टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं ते 1957 साली. म्हणजे न्यूयॉर्कचं विमान पकडण्याआधीच त्यांनी आपली वाट धरली होती. तिथे रॉथकोची चित्रं प्रत्यक्ष पाहून त्यांना बळ मिळालं असणार, ते मी नाकारत नाही. पण बळ मिळणं वेगळं आणि उचलेगिरी वेगळी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांचा रंग कॅनव्हासवर बसतो कसा ते पाहा. रॉथको ब्रशने पातळ रंगाचे हात देत जातो, त्याच्या मोठमोठ्या चौकोनांच्या कडा धूसर होऊन मागच्या रंगात विरतात. गायतोंड्यांच्या हातात रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगकामाची बोथट सुरी. रोलरने थरावर थर चढवायचा, ओला असतानाच नाइफने खरवडायचा, खालचा रंग कुठे किती वर येऊ द्यायचा ते ठरवायचं. कागदाचे फाटके तुकडे रंगावर दाबून उचलायचे. त्यातून त्या अनोळखी लिपीसारख्या खुणा उमटतात. रॉथकोकडे अशा खुणा मिळणार नाहीत. दोघांचं साम्य मोबाइलच्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त दिसतं, कारण फोटोत दोन्हीकडे फक्त रंग उरतो, पोत मरतो. गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभे राहा आणि मग दोन पावलं बाजूला सरकून तिरक्या उजेडात बघा. ओल्या भिंतीवर शेवाळ धरावं तशी एकेक पापुद्र्याने जागा उलगडत जाते, आणि मघाशी एकच वाटलेल्या हिरव्यात चार हिरवे सापडतात. मी तरी असा पृष्ठभाग दुसऱ्या कुणाकडे पाहिलेला नाही.

झेनचं वाचन, निसर्गदत्त महाराजांची ओढ, या गोष्टी त्यांच्याबद्दल नेहमी सांगितल्या जातात. मी त्यांवर फार भर देत नाही. अध्यात्माने चित्र आपोआप चांगलं होत नाही. त्यांनी ते हाताने, कष्टाने केलं, आणि 1984 च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास पेलवेना तेव्हा कागदावर शाईची छोटी चित्रं केली. ती जमली तर जरूर बघा. रंग काढून घेतला तरी गायतोंडे उरतात, हे तिथे लख्ख दिसतं.

राहिला प्रभाव. दार लावून बसलेला माणूस म्हणता, पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट या कलाकेंद्रात काम करत होते. तिथेच चित्रकार नसरीन मोहमदी होत्या, त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. नसरीनना त्यांनी जे दिलं ते त्यांच्यासारखं चित्र नव्हे. नसरीनची पुढची चित्रं म्हणजे शाई-पेन्सिलीच्या काटेकोर रेषा, रंग जवळजवळ नाहीच. गुरूची छाप शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण गोष्ट सांगणं सोडून देण्याचं धैर्य आणि एकाच प्रश्नामागे वर्षानुवर्षं राहण्याची चिकाटी तिथून आली, असं मला ठामपणे वाटतं. त्याच नसरीन 1972 पासून बडोद्याला शिकवत होत्या. प्रभाव असाही पुढे जातो, आणि शैली उचलणाऱ्या दहा शिष्यांपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र पुढे न्यावं असं आहे : 'शेवटची चित्रं एकमेकांसारखी आहेत.' ऐंशीच्या दशकापर्यंतच्या कामाबद्दल मी ते मान्य करणार नाही. नव्वदच्या दशकातल्या काही कॅनव्हासांबद्दल वाद होऊ शकतो. तुमच्या डोळ्यांसमोर कोणती चित्रं आहेत ते कळवा, त्यांवरच बोलू.