गाडी थेट पाण्यापर्यंत न्यावी

26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की घरी बसायचं नसतं. झेंडावंदन सोसायटीतल्या आजोबांवर सोपवा आणि पहाटे चारला, सगळ्यांच्या आधी निघा. सगळेच सगळ्यांच्या आधी निघालेले असतात, हे पेणच्या अलीकडे समजेलच. त्या दिवशी ड्राय डे असतो म्हणून हळहळू नका. ग्रुपमधल्या एका तरी जबाबदार मित्राने पंचवीसलाच डिकी भरून ठेवलेली असते.

काशीद, नागाव, कर्दे, कुठेही जा, पण गाडी वर लावू नका. सुरूच्या बनाजवळ गाडी लावून पायी जायचं असतं तर सनरूफचे पैसे कशाला भरले? थेट वाळूत घाला. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी कडक लागते, गाडी कशी सुसाट पळते! रील होऊन जाऊ दे.

एखादे काका म्हणतील, "गाडी वर घ्या हो, भरती येतेय." त्यांना विचारा, "किनारा तुमच्या बापाचा आहे का?" ते काही बोलणार नाहीत. त्यांनी सकाळी तिथी पाहिलेली असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा इथल्या माणसांचा हिशोब: चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे त्याआधी सहाएक तास, नऊच्या सुमारास ओहोटी. तुम्ही दहाला पोचलात, म्हणजे पाणी परतीला लागलेलं. पण तुमच्याकडे अ‍ॅप आहे, त्यात हवा 'सनी' आहे, मग विषयच संपला.

हाच काळ कासविणींचा. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले रात्री वर येऊन, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालून जातात. गावातली पोरं पहाटे माग काढत फिरतात, घरटी शोधून अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित नेऊन ठेवतात. तुम्ही वाळूत गोल गोल फिरवून तो माग पुसून टाका. बाटल्याही तिथेच फोडा, अनवाणी चालणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, ती थोडी साहसी झाली तर बिघडलं कुठे. (मासळीच्या थाळीचं बिल आल्यावर मात्र "लूट आहे" असं म्हणायला विसरू नका. सोलकढी दोनदा मागितलेली असली तरी.)

दुपारी एकच्या सुमारास चाकाखालून वाळू सरकू लागेल. आता घाबरून टायरमधली हवा कमी करू नका, तो शहाणपणा होईल. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरा. चाक जितकं फिरेल तितकं खोल जाईल, आणि गाडीचं पोट वाळूवर टेकलं की तुमचं काम झालं. मागून दोघांनी ढकलावं, तिसऱ्याने शूटिंग करावं, चौथ्याने "रिव्हर्स, रिव्हर्स!" असं ओरडावं.

मग ट्रॅक्टरवाल्याला गाठा. तो जी रक्कम सांगेल तिच्या निम्म्यापासून सुरुवात करा. घासाघीस हा आपला हक्क आहे. तो निवांत उभा राहील. लाट बोनेटवर आली की तुम्ही त्याच्या आकड्यावर याल, तोवर त्याचा आकडा पुढे गेलेला असेल. दोर बांधायला तेच सकाळचे काका वाकतील. त्यांना "थँक्यू" म्हणा, पण नजर मोबाईलमध्येच ठेवा, कारण किनाऱ्याला एक स्टार देऊन लिहायचं असतं: 'जागा छान, पार्किंगची सोय नाही.'