लॅपटॉप सौजन्य

कोजागरीच्या आभारप्रदर्शनात सेक्रेटरी म्हणाले, "ध्वनिव्यवस्था : आपले सगळ्यांचे लाडके काका. लॅपटॉप सौजन्य : ए विंगमधले..." इथे त्यांनी कागद दिव्याजवळ नेला आणि माझं आडनाव चुकीचं वाचलं. टाळ्या पडल्या. त्या काकांसाठी होत्या. चार दिवस झाले, त्या मसाला दुधातला बदाम अजून माझ्या घशात आहे.

झालं असं, की बी विंगच्या मावशी गातात आणि त्यांचं तानपुऱ्याचं यंत्र ऐन वेळी बिघडलं. मोबाइलवर तानपुऱ्याची ॲप्स पैशाला पासरी मिळतात. एक लावून दिलं असतं तर विषय मिटत होता. पण मी म्हणालो, "मी बनवतो." घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दीड तास बसणाऱ्या माणसाला कुठेतरी पराक्रम गाजवायचा असतो.

मी बनवणार होतो ते प्युअर डेटा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. यात कोड लिहायचा नाही. पडद्यावर चौकोनी ठोकळे मांडायचे आणि ते एकमेकांना तारांनी जोडायचे. या मांडणीला पॅच म्हणतात. ज्या ठोकळ्याच्या नावामागे नागमोडी टिल्डा तो आवाज वाहणारा, टिल्डा नाही तो नुसते आकडे वाहणारा. मिलर पकेट यांनी हे १९९६च्या सुमारास काढलं आणि फुकट वाटलं. दोन रात्री जागून मी चार तारांचा तानपुरा जोडला. घरी अप्रतिम वाजला. बायकोही म्हणाली, "वाजतोय."

गच्चीवर वाजला नाही.

अशा वेळी घाबरायचं नाही, वरून खाली एकेक ठोकळा तपासत यायचं. आकडा कुठे अडला ते बघायला प्रिंटचा ठोकळा जोडायचा. मी जोडला. आकडे व्यवस्थित येत होते. आवाज शून्य. सतरंजीवर साठ माणसं, आणि माझ्या मागे काका.

काका वीज मंडळातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. वीज मंडळ काकांतून निवृत्त व्हायचं आहे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"वायरिंग कोणी केलं?"

"काका, हे वायरिंग नाही. पॅच आहे."

"पॅचवर्कच दिसतंय. एवढ्या वायरी एकावर एक? कुठली कुठे जाते कळत नाही. आग लागेल."

"पडद्यावर आग लागत नाही, काका."

"सगळे असंच म्हणतात. फेज कुठली यातली?"

इथे माझी चूक झाली. मी समजावायला गेलो. म्हणालो, प्रत्येक ठोकळ्याला वर भोकं असतात. उजव्या भोकात आकडा आला तर ठोकळा तो नुसता लक्षात ठेवतो; डाव्या भोकात आला की मगच हलतो. म्हणून डावं गरम, उजवं थंड. (आमच्या सेक्रेटरींचंही हेच. लेखी तक्रार उजव्या भोकात जाते. लिफ्टमध्ये गाठून धरलं तरच गळका पाइप बदलतो. चौथ्या मजल्याचा अजून बदललेला नाही, हे जाता जाता.) आधी उजवीकडे, मग डावीकडे, हा क्रम चुकला तर उत्तर शिळं येतं. त्यासाठी ट्रिगर नावाचा ठोकळा असतो.

काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे फेज डावीकडे."

"तसं म्हणा."

"चूक आहे. फेज उजवीकडे असते. घरी जाऊन सॉकेट बघ. कोणी बनवलंय हे?"

"कॅलिफोर्नियाच्या एका प्राध्यापकांनी."

"तिकडे एकशेदहा व्होल्ट. तिकडे काहीही चालतं." मग जरा वाकून म्हणाले, "मेन चालू आहे का?"

"काका, यात मेन नसतो."

"मेन नाही असं सर्किट नसतं."

"हे सॉफ्टवेअर आहे हो!"

माझा आवाज चढला होता. मावशींनी सुपारी कातरायची थांबवली. आणि तेवढ्यात मुख्य खिडकीच्या कोपऱ्यातली डीएसपी नावाची चौकट मला दिसली. कोरी. सॉफ्टवेअर उघडल्यावर ती आपण टिचकी मारून चालू करायची असते. नाहीतर आकडे पळतात, आवाजाचा हिशोब होतच नाही. मी अंगाने पडदा झाकत हळूच टिचकी मारली. तानपुरा झंकारला.

"मेन," काका सगळ्या गच्चीला म्हणाले.

तानपुऱ्याबरोबर गुंSSS असा घोषही सुरू झाला. लिफ्टच्या मशीन रूममधून ओढलेल्या एक्स्टेंशनची कृपा. आपल्या विजेचा सूर ५० हर्ट्झ. तो पेटीवरची ना पांढरी पाच (४९), ना काळी चार (५१.९). मावशींची पट्टी काळी चार, त्यामुळे वीज त्यांच्या खर्जाखाली किंचित उतरलेली गात होती. मी फिल्टरचा ठोकळा शोधत असताना काकांनी माझा चार्जर उपटला. घोष थांबला. "अर्थिंग," ते म्हणाले. बॅटरी अडतीस टक्के होती. पुढचा तासभर मी चंद्राकडे पाहिलं नाही, टक्क्यांकडे पाहिलं.

बिलंपत, म्हणजे संथ लयीतलं गाणं, अर्ध्यावर असताना मावशी कुजबुजल्या, "पंचम डुलतोय रे."

हे मात्र माझं काम होतं. मी पंचम काढला होता षड्जात सात स्वर-घरं मिळवून, पेटीच्या हिशोबाने. त्यातून गुणोत्तर येतं १.४९८३. तानपुऱ्याला हवं १.५ नेमकं. खर्जाच्या तारेशी तो फरक तीनेक सेकंदांनी एकदा हेलकावतो. साठातल्या एकोणसाठांना कळणार नाही, मावशींना कळला. चालू मैफलीत सातची बेरीज खोडून दीडचा गुणाकार घातला. नवा आकडा झटक्यात गेला तर टक्क आवाज येतो, म्हणून लाइन टिल्डाच्या ठोकळ्यातून सावकाश सोडला. हेलकावा विरला. मावशींनी डोळे मिटले. अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू.

गाणं संपल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही मेन लावलात आणि पंचम काय सुंदर लागला हो!"

काका नम्रपणे म्हणाले, "अनुभव."

काल लिफ्टमध्ये भेटले. "ते तुझं सर्किट नातवाला दाखवायचंय, पेनड्राइव्हवर दे. पण आधी त्यात एक एमसीबी टाक."

डीएसपी चालू-बंद करणारं बटण पॅचमध्येच घालता येतं, पाच मिनिटांचं काम. रात्री घातलं. मोठं, लाल. शेजारी 'मेन' असं लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. पेनड्राइव्ह अजून दिलेला नाही.